कोरा फ्लॅश

"खाली वाक म्हालिंगा, धाकली जाव येतेय," मथुराबाय ओरडली. मी ओल्या वाळूत गुडघे टेकून कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत धाकली जाव चोचीत घास घेऊन केव्हाच पसार झाली होती.

धाकली जाव म्हणजे एक सीगल. पुस्तकात त्याला कुरव म्हणतात हे मला फार पुढे कळलं. नवशी बंदरावर सगळे त्यांना नुसतं पाखरू म्हणायचे. मथुराबाय मात्र नावानिशी ओळखायची. तिने आपलं अख्खं सासर त्या थव्यात भरून ठेवलं होतं. दुसऱ्याच्या चोचीतलं ओढून खाणाऱ्या दोघी तिच्या नणंदा. एका पायावर लंगडत येणारा म्हातारा पक्षी म्हणजे मामंजी. आणि सगळ्यांच्या मागून येऊन घास हवेतल्या हवेत उचलणारी, चपळ, पांढरीशुभ्र ती धाकली जाव. यात तुमचा नवरा कोणता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, तो घरात कधी टिकला नाही तो इथं काय टिकेल.

ही गोष्ट १९८९च्या थंडीतली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि नवशीत माझा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे बाजारात एक खोली. पुढच्या भागात पडदा, स्टूल नि दोन दिवे, मागच्या भागात डार्करूम, आणि डार्करूमच्या टेबलाखाली माझी वळकटी. मी मूळचा इस्लामपूरकडचा. तिथे गल्लीगणिक फोटोवाले, म्हणून म्हटलं जिथे एकही नाही तिथे जावं. इथे एकही का नाही ते आल्यावर महिन्याभरात कळलं. बंदरावरच्या माणसांना फोटो लागायचा तो रेशनकार्डाला आणि लग्नाला, बाकी आपला चेहरा कसा आहे याची त्यांना फारशी चौकशी नव्हती.

शिवाय मी लिंगायत. मासळीला हात लावायचा नाही, आणि राहतोय कुठे, तर जिथे हवासुद्धा मासळीची. लोक वाईट नव्हते. पण मला जेवायला बोलावून वाढणार काय, या विचाराने कोणी बोलावलंच नाही. दोन वर्षांत मी कोणाच्या घरी पाटावर बसलो नाही. दिवसभरात माझ्या तोंडून निघणारी वाक्यं ठरलेली होती. हनुवटी खाली घ्या. इकडे बघा. परवा या. संध्याकाळी दुकान बंद केलं की पुन्हा सकाळी उघडेपर्यंत बोलायला माणूस नव्हतं. मी भाजी चिरताना स्वतःशी मोठ्याने बोलायला लागलो होतो आणि त्याची मला भीती वाटायला लागली होती.

म्हणून पुण्याच्या एका छायाचित्रकार मंडळाच्या स्पर्धेची जाहिरात वाचली तेव्हा माझ्या मनाने उचल खाल्ली. विषय होता 'उड्डाण'. आपला फोटो पहिला आला तर पुण्यात चार लोक ओळखतील, एखाद्या छापखान्यात, एखाद्या मोठ्या स्टुडिओत काम मिळेल आणि या खाऱ्या गावातून सुटका होईल, असं मी मनात पक्कं धरून बसलो. उडणारं काही म्हटलं तर इथे सीगल सोडून दुसरं काय होतं? थंडी सुरू झाली की ते उत्तरेकडून शेकड्यांनी यायचे आणि शिमग्याच्या सुमाराला परत जायचे.

उडत्या पक्ष्याचा फोटो काढणं ही काय चीज आहे हे मला पहिल्या रोलात समजलं. छत्तीसपैकी नऊ फोटोंत नुसतं आभाळ होतं. अकरांत शेपट्या. बाकीच्यांत धूसर काहीतरी, ते पक्षी आहे असं मलाच सांगावं लागलं असतं. तेव्हा मला मथुराबाय दिसली. पासष्टीची, सुकलेल्या बांध्याची कोळीण. धक्क्याच्या कडेला बसून ती हॉटेलवाल्यांची मासळी साफ करून द्यायची. उन्हं वर यायच्या आत काम आटपायचं आणि माशांची आतडी, डोकी, कल्ले असं सगळं पाटीत भरून ती पुळणीवर जायची. तिने पहिली मूठ उडवली की मोकळ्या आभाळात कुठूनसे दोन-तीनशे पक्षी जमायचे. मी त्या पाटीजवळ उभा राहिलो तर पक्षी आपोआप माझ्या टप्प्यात येणार होते. मी तिला विचारलं, रोज आलो तर चालेल का. ती म्हणाली, दर्या काय माझ्या बापाचा आहे?

असा मी रोज जायला लागलो. आधी नाकाला रुमाल बांधून, मग नुसताच. तिला महालिंग म्हणता येईना, म्हणून मी म्हालिंगा झालो. धाकली जाव कुठून वळेल, नणंदा कधी भांडतील हे ती मला आधी सांगायची आणि माझी बोटं उशिरा पडली की मनसोक्त हसायची. महिन्याभराने माझ्या लक्षात आलं की भाजी चिरताना मी आता स्वतःशी बोलत नाही. सकाळी काय काय झालं ते मनात घोळवत असतो.

तिची पत्रंही मीच वाचायचो. मुलगा हरेश्वर चिंचवडला एका कारखान्यात होता, त्याची महिन्याला दोन कार्डं यायची. आधी ती शेजारच्या पोरीकडून वाचून घ्यायची, पण मजकूर संध्याकाळपर्यंत गावभर व्हायचा. तू परका आहेस, तुझ्या पोटात राहील, असं ती मला तोंडावर म्हणाली. ते खरंच होतं, कारण मी सांगणार कोणाला? उत्तरंही मीच लिहायचो. चिंचवडचा तो पत्ता मला आजही पाठ आहे.

पौष सरत आला असताना एक कार्ड आलं. हरेश्वरने लिहिलं होतं, की शिमगा झाला की मी येतो आणि तुला घेऊन जातो. यंदा काही ऐकणार नाही. घर काकांच्या ताब्यात देऊ. एवढं सगळं लिहून झाल्यावर खाली होतं, 'तू एकटी तिथे काय करतेस? तिथे तुझं कोण आहे?'

मी वाचून दाखवलं. मथुराबाय पाटीच्या काठावर बोट फिरवत बसली. हे पहिलंच पत्र नव्हतं. याआधी तिने तीनदा माझ्याकडून लिहून घेतलं होतं की मी एकटी नाही, माझी काळजी करू नको. त्याला ते पटत नव्हतं. चिंचवडला ती एकदा जाऊन आली होती. दोन खोल्या, दिवसभर दार बंद, सून कामाला, नात शाळेत. वाऱ्याला कसला वासच नाही, म्हणाली होती. आठव्या दिवशी ती परत आली होती ती पुन्हा न जाण्यासाठी.

मग ती म्हणाली, "लिवून त्याला पटत नाय. माजा एक फोटू काड. पाखरांसगट."

"पाखरांसगट कशाला?"

"त्याला वाटतं मी एकटी हाय. बगू दे केवडा गोतावळा हाय."

मला हसू आलं. ती हसत नव्हती. हरेश्वर लहान असताना याच पुळणीवर, याच पाखरांच्या मध्ये बसवून ती त्याला भात भरवायची. एक घास त्याला, एक घास पाखराला. तो फोटो बघितला की त्याला आठवेल, मग तो मला इथून हलवायचा नाही, असं तिचं गणित होतं. तिने तिथल्या तिथे मला कार्ड लिहायला लावलं. 'फोटो पाठवते. तो बघ आणि मग काय ते बोल.' हे वाक्य माझ्याच अक्षरात चिंचवडला गेलं.

काढतो म्हणालो मी. काढणारही होतो. पण स्पर्धेची मुदत जवळ आली होती, शेवटचा रोल कॅमेऱ्यात होता, दुसरा दापोलीहून यायचा होता, आणि मनासारखा एकही पक्षी मिळाला नव्हता. ती रोज विचारायची. मी रोज उद्या म्हणायचो. आधी माझं काम, मग तिचं, यात मला काही वावगं वाटलं नाही.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. मी कऱ्हाडला ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या उस्तादांनी मला पहिल्याच लग्नात एक युक्ती दाखवली होती. लग्नात जो तो म्हणतो, भाऊ, आमचा एक काढा. मुलीची आत्या, तिची जाऊ, त्या जावेचा भाचा. सगळ्यांचे काढत बसलं तर सप्तपदीला रोल उरायचा नाही. आणि नाही म्हणालं तर माणसं दुखावतात. तेव्हा कॅमेरा डोळ्याला लावायचा, स्माईल म्हणायचं, आणि शटरच्या ऐवजी फ्लॅशच्या पाठीवर चाचणीसाठी एक बारीक बटण असतं ते दाबायचं. लख्ख उजेड पडतो. आत्याबाई खूश होऊन जेवायला जातात. रोल जागच्या जागी. उस्ताद त्याला कोरा फ्लॅश म्हणायचे. मी शेकड्यांनी मारले होते. फोटो कुठे म्हणून विचारायला नंतर कोणी येत नाही, आलंच तर तेवढा एक खराब झाला म्हणायचं.

माघातली ती सकाळ. अकराच्या एसटीने टपाल जाणार होतं. ते चुकलं तर स्पर्धा गेली. धुणं, सुकवणं, मोठा प्रिंट काढणं, या सगळ्याला तीन तास हवेत, म्हणजे आठला मला पुळणीवरून निघायला हवं होतं. रोलात पाच फोटो उरले होते.

मथुराबाय आली ती मला ओळखूच आली नाही. केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला होता आणि मुलाच्या लग्नातलं मोरपंखी लुगडं नेसली होती. ते लुगडं नेसून तिने मासळी साफ केली नव्हती हे उघड होतं. पहाटे काम उरकून, घरी जाऊन, अंघोळ करून ती परत आली होती. मी काही म्हणायच्या आत ती पाटी घेऊन मधोमध उभी राहिली, पदर खांद्यावरून नीट घेतला आणि म्हणाली, "काड."

ऊन नुकतं पाण्यावर आलं होतं. असा उजेड दहा मिनिटं टिकतो. तिच्या डोक्यावर धाकली जाव फेऱ्या मारायला लागली होती, आणि मला फक्त तीच दिसत होती. पाचांतला एक दिला असता तर चार राहिले असते. आज मागे वळून बघताना हा हिशोब मला इतका सोपा वाटतो की स्वतःची चीड येते. तेव्हा मात्र मला वाटलं की नेमका तोच एक कमी पडेल.

मी पिशवीतून फ्लॅश काढून कॅमेऱ्यावर बसवला. तो बारीक सूं करत तापला, त्याचा लाल दिवा लागला. मी कॅमेरा डोळ्याला लावला. मथुराबाय हसत नव्हती. फोटोत हसायचं असतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती सरळ माझ्याकडे बघत होती, आणि चिंचवडच्या दोन खोल्यांना आपण काय उत्तर देतोय ते तिला पक्कं ठाऊक होतं. वर पन्नास-साठ पक्षी पंख पसरून तरंगत होते. काचेतून ते सगळं एका चौकटीत नीट बसलं होतं, हे मी खोटं सांगणार नाही. मी ते पाहिलं, आणि फ्लॅशच्या पाठीवरचं बटण दाबलं.

उजेड पडला. तिने डोळे मिचकावले. "निगाला?"

"निघाला," मी म्हणालो.

तिचा चेहरा मोकळा झाला. निदान तेव्हा मला तसं वाटलं. क्षणभर ती माझ्या हातांकडे बघत राहिली, मग वळली. पाटीत हात घातला आणि त्या दिवशी तिने मूठ उडवली ती नेहमीपेक्षा दुप्पट उंच. ठेवणीतल्या लुगड्यावर शिंतोडे उडतायत याचं तिला भान नव्हतं. धाकली जाव खाली झेपावली, उलटी झाली, पंख मागे ओढले, आणि घास चोचीपासून दोन बोटांवर असताना मी शटर दाबलं. दाबतानाच कळलं की मिळाला. पाचही फोटो मी धाकल्या जावेवरच घालवले आणि स्टुडिओकडे धावत सुटलो.

डार्करूममध्ये कागदावर तो पक्षी हळूहळू उमटला. पीस न् पीस दिसत होतं. फक्त खालच्या कोपऱ्यात एक हात आला होता. वर फेकून उघडा राहिलेला, मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेला. तो ठेवला असता तर पक्षी खायला आलाय हे दिसलं असतं. मला तो मुक्त दिसायला हवा होता. मी चौकट वर सरकवली आणि हात कापून टाकला. अकराच्या एसटीने टपाल गेलं.

दुसऱ्या दिवशी मथुराबायने विचारलं, फोटो धुतलास का. मी म्हणालो, अजून नाही. चार दिवसांनी म्हणालो, धुताना तेवढाच खराब झाला. ती व्हय का म्हणाली आणि पुन्हा माझ्या हातांकडे बघितलं. मी घाईघाईने सांगितलं की नवा रोल येऊ दे, पहिला फोटो तुमचाच. हे मी मनापासून बोललो होतो. पण रोल आला तोवर लग्नसराई सुरू झाली होती. आसपासच्या वाड्यांत माझ्याशिवाय फोटोवाला नव्हता. वीस-बावीस दिवस मी मंडपातच होतो. परतलो तेव्हा बंदरावर शिमग्याचे ढोल वाजत होते. होळी झाली त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी मी कॅमेऱ्यात नवा रोल भरून पुळणीवर गेलो.

आभाळ मोकळं होतं. मथुराबाय पाटी घेऊन बसली होती आणि तिच्यापुढे दोन कावळे होते. "गेली समदी," ती म्हणाली. "परवाच्याला मामंजी तेवडा मागं राह्यला व्हता. आज तो पन नाय."

आठवड्याने हरेश्वर आला. मी ज्या अक्षराने त्याच्याशी तीन-चार महिने बोलत होतो त्याचा मालक बघायला तो मुद्दाम स्टुडिओत आला. शांत, सभ्य माणूस, वयाने माझ्याएवढाच. कामावर असताना आईचा विचार येऊन यंत्रावरचं लक्ष उडतं, असं तो म्हणाला. मग म्हणाला, "ती दर पत्रात कळवायची, मी एकटी नाही. कोण आहे म्हणून विचारलं तर सांगेना. फोटो पाठवते म्हणाली होती. मी वाट बघितली. म्हटलं बघू तरी."

मी त्याला चहा पाजला.

निघायच्या दिवशी मी एसटी स्टँडवर गेलो. हरेश्वर ट्रंक टपावर चढवत होता. मथुराबाय खिडकीशी बसली होती, तेच मोरपंखी लुगडं नेसून. माशांच्या शिंतोड्यांचे डाग धुऊनही पुरते गेले नव्हते. तिने मला जवळ बोलावलं.

"म्हालिंगा, पाखराचा फोटू काडलास का तुजा आंगठा खटकन कायतरी वडतो. दर येळेला. मी महिनाभर बगत व्हते."

रोल पुढे सरकवायची ती पट्टी. प्रत्येक फोटोनंतर अंगठ्याने ओढावी लागायची. मला ती ओढल्याचं कळतही नसे.

"माज्या येळेला नाय वडलास," ती म्हणाली.

मी अंगठा मुठीत लपवला. मी एवढंच विचारलं, "तेव्हाच कळलं होतं, तर बोललात का नाही?"

ती माझ्याकडे जरा नवलाने बघत राहिली. "बोलले असते तर तुला तोंड दाकवायला लाज वाटली असती. तू यायचा बंद झाला असतास. माज्याबिगर तू बंदरावर कुनाशी बोलतोस? तुजं तरी कोन हाय हितं?"

हेच वाक्य मी तिला कार्डातून वाचून दाखवलं होतं. मी म्हणालो, थांबा, मी धावत जाऊन कॅमेरा आणतो, रोल भरलेला आहे. तिने मान हलवली. "आता पाखरं कुटं," म्हणाली. हरेश्वर येऊन तिच्या शेजारी बसला, कंडक्टरने दोरी ओढली, आणि गाडी चढावर वळून दिसेनाशी झाली.

त्या एका फोटोने हरेश्वरचं मन बदललं असतं का, हे मला माहीत नाही. नसतंही बदललं. वर्षानुवर्षं मी स्वतःला हेच सांगत आलोय आणि त्याचा काही उपयोग झालेला नाही. तिने मागितलं तेवढं एकच होतं, आणि ते माझ्या हातात होतं.

स्पर्धेत माझा फोटो पहिला आला. प्रशस्तिपत्रक टपालाने आलं. पुण्याहून मला कोणी बोलावलं नाही. ज्या गावातून मी सुटणार होतो तिथे मी राहिलो, आणि जिला राहायचं होतं ती गेली. उन्हाळा आणि पावसाळा कसा गेला ते सांगण्यासारखं नाही. भाजी चिरताना मी पुन्हा बोलायला लागलो, आता स्वतःशी नाही, तिच्याशी.

कार्तिकात सीगल परत आले. दुकानाच्या दारातून मला ते दिसले. ती उभी राहायची त्या जागेवर त्यांनी बराच वेळ फेऱ्या मारल्या आणि मग ट्रॉलरच्या मागे निघून गेले. मी पुळणीवर गेलो नाही. मी आत गेलो, ती निगेटिव्ह शोधली, आणि न कापता पुरा फोटो छापला. वर धाकली जाव, खाली हात. पाकिटात घालून पाठ असलेला पत्ता लिहिला. सोबत चिठ्ठी लिहायला बसलो, पण काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसता फोटोच पाठवला.

पंधरा दिवसांनी हरेश्वरचं कार्ड आलं. 'फोटो मिळाला. आईने गोंदणावरून हात ओळखला. फोटो भिंतीवर लावून घेतला आहे. यात धाकटी जाऊ कोण ते मला समजलं नाही, पण ती तसंच म्हणते. विशेष काही नाही. ती विचारते, पाखरांना आता कोण घालतं?'

मी लगेच कोरं कार्ड घेतलं, पत्ता लिहिला आणि मजकुरात दोन शब्द लिहिले, 'मी घालतो.' लिहून वाचलं. हा पुन्हा कोरा फ्लॅशच होता. कार्ड फाडायला हात उचलला, पण तसंच शर्टाच्या खिशात ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धक्क्यावर गेलो. मासळी साफ करणाऱ्या बायकांकडे मी आतडी मागितली तेव्हा त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकीने हसत हसत मथुराबायचीच जुनी पाटी पुढे ओढली आणि भरून दिली. ती डोक्यावर घेताना कोमट पाणी माझ्या कानामागून मानेवर उतरलं. पुळणीवर येऊन तिच्या जागेवर उभा राहिलो. पाटीत हात घालवेना. जन्मात मी माशाला बोट लावलं नव्हतं. डोळे मिटले आणि घातला. गार, बुळबुळीत मूठ भरली आणि जमेल तितकी उंच उडवली.

ती वाळूत पडली. एक कावळा आला. दुसरी मूठ उडवली, तिसरी उडवली. मग पाण्याच्या कडेने कोणीतरी एका पायावर उड्या मारत येताना दिसलं. मामंजी होता. त्याच्यामागून दोन नणंदा भांडत आल्या आणि बघता बघता आभाळ भरलं. पंखांचा वारा तोंडावर लागत होता. मी अख्खी थंडी या पक्ष्यांना काचेतून पाहिलं होतं, पण त्यांच्या खाली कधी उभा राहिलो नव्हतो. खरोखरच गोतावळा होता तो. आणि माझ्याकडे बघणारं तिथे कोणी नव्हतं. कॅमेरा घरी होता, असता तरी तो धरणार कोण? मला मोठ्याने रडू आलं, आणि त्या कलकलाटात ते कोणाला ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

पाटी रिकामी झाल्यावर मी तसाच बाजारात आलो. टपालाची गाडी सुटायला आली होती, घरी जाऊन हात धुवायला वेळ नव्हता. खिशातून कार्ड काढलं तर कडेला बोटांचे ओले ठसे उमटले. नाकाशी नेऊन पाहिलं. मासळीचा वास लागला होता. मी ते तसंच पेटीत टाकलं.